स्वावलंबनाआधी शेजारधर्म

आपल्या पूर्वजांना कोकणात 'शनिवार तेली' म्हणत, हे ह्या मासिकाच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. शब्बाथ आला की घाणा बंद आणि बैल दावणीला. गिऱ्हाईक दारात येऊन उभे राहिले तरी बंद म्हणजे बंद. पण तो घाणा आपण आपल्या खुशीने व आपल्या धर्मासाठी बंद ठेवीत होतो. ४ नोव्हेंबर १९७३ च्या रविवारी युरोपातील एका आख्ख्या देशाची चाके थांबली, ती मात्र दुसऱ्याच्या मर्जीने. तो देश म्हणजे हॉलंड, अर्थात नेदरलँड्स. त्या दिवशी रस्त्यावर खासगी मोटार आणण्यास मनाई होती. लोक सायकली घेऊन मोटारींच्या हमरस्त्यावर उतरले, मुले चाकांचे बूट घालून तेथे खेळली, कोणी घोडेही बाहेर काढले. वर्तमानपत्रांतील छायाचित्रे मोठी मौजेची होती. त्यामागील कारण मौजेचे नव्हते.

ही जुनी गोष्ट आज उकरून काढण्याचे निमित्त माझा भाचा. तो आइंडहोव्हनला एका कारखान्यात इंजिनियर आहे. शुक्रवारी शब्बाथच्या आधी त्याचा फोन येतो. परवा म्हणाला, "मामा, इकडे सर्वांच्या तोंडी सध्या एकच शब्द आहे, स्वावलंबन. अमेरिकेचा भरवसा राहिला नाही, रशिया दारात आला आहे, चीन बाजारात बसला आहे. तेव्हा आता आपले आपण पाहायचे, असे सगळे म्हणतात." मी विचारले, "आपले आपण म्हणजे कोणी? युरोपने, की हॉलंडने एकट्याने?" तो हसला. म्हणाला, "मामा, तेच तर ठरत नाही."

इकडे आपल्या मंडळींचे मात्र सर्व ठरलेले आहे. सिनेगॉगमध्ये तेफिला आटोपून आम्ही चारजण बोलत उभे होतो, तेव्हा एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "बरे झाले. युरोपला आता कळेल स्वतःच्या पायावर उभे राहणे कशाला म्हणतात ते. इस्राएलने नाही का करून दाखविले?" त्यांच्या वयाचा मान राखून मी तेथे गप्प बसलो. येथे गप्प बसण्याचे कारण नाही. त्यांचे म्हणणे दोन्ही बाजूंनी चुकीचे आहे. ऑक्टोबर १९७३ मध्ये इस्राएलचा दारूगोळा संपत आला, तेव्हा अमेरिकेची मालवाहू विमाने धावून आली, आणि त्या विमानांना वाटेत उतरावयास पोर्तुगालने अझोर्स बेटांवरील तळ दिला. युरोपातील बहुतेक इतर मित्रांनी त्या वेळी दारे लावून घेतली होती. शूरांतल्या शूरालाही शेजारी लागतो. युरोपचे दुखणे असे की, त्याच्याजवळ पैसा आहे, कारखाने आहेत, विद्या आहे, पण एका घराला आग लागली की बाकीची घरे आधी आपापल्या भिंती चाचपून पाहतात. ही खोड मोडल्याशिवाय स्वावलंबनाची भाषणे फुकट आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ह्या खोडीचा सर्वांत लखलखीत दाखला हॉलंडनेच भोगला आहे.

त्या वर्षी योम किप्पुरच्या दिवशी, म्हणजे ६ ऑक्टोबरला, इजिप्त व सीरिया यांनी इस्राएलवर हल्ला केला. हॉलंडमध्ये तेव्हा योप डेन आउल पंतप्रधान होते आणि माक्स व्हान डर स्टूल परराष्ट्रमंत्री. त्यांच्या सरकारने हल्ला करणाऱ्यांस उघड दोष दिला. संरक्षणमंत्री हेंक व्ह्रेडेलिंग आणि त्यांचे राज्यमंत्री ब्राम स्टेमर्डिंक यांनी तर खुद्द पंतप्रधानांच्या नकळत इस्राएलला युद्धसामग्री रवाना केली. हे पुष्कळ वर्षांनी बाहेर आले. त्याआधीही, १९६७ साली मॉस्कोने इस्राएलशी संबंध तोडल्यापासून, सोव्हिएत देशातील ज्यूंच्या व्हिसाचे काम तेथील डच वकिलातच करीत होती. ऑक्टोबर संपता संपता अरब तेल-उत्पादक देशांनी अमेरिकेच्या जोडीला हॉलंडचे नाव लिहिले आणि तेल पूर्ण बंद केले.

आता भूगोल ध्यानात घ्यावा. रॉटरडॅम हे युरोपातील सर्वांत मोठे बंदर. तेथे उतरणारे तेल हॉलंडच्या दिव्यापुरते नसे. ते तेथेच शुद्ध होऊन पश्चिम जर्मनीत आणि बेल्जियममध्ये जाई. म्हणजे हॉलंडचा गळा आवळला की शेजाऱ्यांचाही श्वास कोंडणार. शिवाय युरोपीय समुदायाचे तेव्हा नऊ सभासद होते आणि 'समान बाजारपेठ' असा त्यांचा करार होता. बाजारपेठ समान असेल तर टंचाईही समान वाटून घ्यावी, अशी हॉलंडची साधी मागणी होती.

ब्रिटन आणि फ्रान्स यांनी ती मानली नाही. दोघांची नावे अरबांच्या मित्रयादीत होती. हॉलंडला उघडपणे तेल दिले तर आपले नाव कटेल, ही त्यांची धास्ती. ६ नोव्हेंबरला, म्हणजे त्या पहिल्या बिनमोटारीच्या रविवारनंतर दोनच दिवसांनी, नऊ देशांच्या मंत्र्यांनी ब्रसेल्समध्ये एक पत्रक काढले. त्यात मध्यपूर्वेविषयी अरबांना रुचेल अशी भाषा होती. हॉलंडनेही त्यावर मान डोलावली, हे मी लपवीत नाही. अडचणीत सापडलेला माणूस करतो तेच त्याने केले. ह्या पत्रकाचे फळ बारा दिवसांनी मिळाले. १८ नोव्हेंबरला अरब तेलमंत्र्यांनी जाहीर केले की, डिसेंबरची पाच टक्के कपात युरोपीय समुदायाला माफ आहे. फक्त हॉलंडला नाही. सही नऊ जणांची, बक्षीस आठ जणांना! वाचकहो, त्या आठांपैकी एकानेही हे बक्षीस परत केले नाही.

मग हॉलंडने काय करावे? त्याच्या उत्तरेस ग्रोनिंगेन प्रांत आहे. तेथे स्लोख्तेरेन गावाजवळ १९५९ साली नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला होता, जगातील मोठ्या साठ्यांपैकी एक. तो वायू नळांतून फ्रान्स, बेल्जियम आणि पश्चिम जर्मनीच्या स्वयंपाकघरांत जात असे. डच सरकारने हलक्या आवाजात सुचविले की, आमचे तेल अडणार असेल तर तुमची चूलही अडू शकते. मग मात्र पॅरिसचा आवाज मऊ झाला. धमकी कशी चालते आणि मैत्री कशी चालत नाही, हे एका महिन्यात दिसून आले. प्रत्यक्षात हॉलंडला तारले ते बड्या तेल कंपन्यांनी. त्यांनी इराणचे, नायजेरियाचे तेल रॉटरडॅमकडे वळविले, अरबांचे दुसरीकडे नेले, आणि टंचाई सर्वांत सारखी पसरवून दिली. जे काम नऊ सरकारांनी करावयाचे ते व्यापाऱ्यांनी केले. जानेवारी १९७४ मध्ये तीनएक आठवडे पेट्रोल कूपनावर मिळाले, फेब्रुवारीच्या आरंभी ते कूपनही उठले. अमेरिकेवरील बंदी मार्चमध्ये गेली. हॉलंडवरील बंदी जुलैपर्यंत राहिली.

कोणी म्हणेल, मग एवढे काय बिघडले? फार काही बिघडले नाही, हे खरे. परंतु त्या वेळी गळा आवळणारे दूरचे होते आणि तेलाची जहाजे वाट बदलू शकत होती. गळा आवळणारा वेशीवर असला म्हणजे काय होते, हेही हॉलंडला माहीत होते. पहिल्या महायुद्धात तटस्थ राहून तो देश वाचला, आणि दुसऱ्यातही तसेच होईल ह्या भरवशावर तो एकटा राहिला. १० मे १९४० ला जर्मन सैन्य आत शिरले, १४ मे रोजी रॉटरडॅम शहराच्या मध्यभागावर बॉम्ब पडले, आणि पाच दिवसांत सारे संपले. त्या एकटेपणाची सर्वांत मोठी किंमत कोणी दिली? देशातील सुमारे एक लाख चाळीस हजार ज्यूंपैकी एक लाखांहून अधिक मारले गेले. पश्चिम युरोपात एवढे मोठे प्रमाण दुसऱ्या कोणत्याही देशात नाही. म्हणून मला 'आपले आपण पाहू' हा शब्द ऐकला की दचकावयास होते. 'आपण'मध्ये कोण कोण मोजले जाते, हे संकटाच्या दिवशीच कळते.

येथवर वाचून कोणास वाटेल की मी हॉलंडचा वकील झालो आहे. ममत्व आहे, नाकारीत नाही. आपल्या समाजाविषयीच्या जुन्या लेखी उल्लेखांपैकी एक, कोचीनच्या येहेझकेल रहाबी यांनी १७६८ साली लिहिलेले पत्र, हॉलंडमधील टोबिआस बोआस यांच्याकडेच गेले होते. कोकणात असे लोक आहेत, ते शेमा म्हणतात आणि शब्बाथ पाळतात, ही बातमी त्या देशाला अडीचशे वर्षांपूर्वी मिळाली. परंतु ममत्व आहे म्हणूनच पुढचे सांगितले पाहिजे.

१९७३ साली शेजाऱ्यांच्या नावाने बोटे मोडणारे हॉलंड २०२० साली काय करीत होते? मार्च महिन्यात इटलीत करोनाने माणसे मरत होती. शवागारे भरली, बेर्गामोहून लष्कराच्या गाड्यांतून शवपेट्या हलविल्या गेल्या. इटली आणि स्पेन यांनी म्हटले, आपण सर्व मिळून कर्ज काढू. त्या वेळी डच अर्थमंत्री वोप्के हूकस्ट्रा यांनी मुद्दा काढला की, काही देशांजवळ अशा प्रसंगासाठी गंगाजळी का नाही, याची चौकशी व्हावी. शेजारी विहिरीत पडला असता त्याच्या घराचा जमाखर्च तपासण्याचा हा प्रकार! पोर्तुगालच्या पंतप्रधानांनी ह्या बोलण्याचा उघड धिक्कार केला, आणि हूकस्ट्रा यांनाही पुढे आपण पुरेशी सहानुभूती दाखविली नाही असे म्हणावे लागले. सामाईक कर्ज त्या उन्हाळ्यात मंजूर झाले, पण ऑस्ट्रिया, डेन्मार्क, स्वीडन यांच्यासह हॉलंडने त्याला शेवटपर्यंत ओढून धरले होते. आळशी शेजाऱ्याचे कर्ज कष्टाळूने का फेडावे, हा डच मतदाराचा प्रश्न अगदीच गैर आहे असे मी म्हणणार नाही. हिशेब असलाच पाहिजे. पण हिशेब आग विझल्यावर मागतात.

संरक्षणाची कथाही अशीच. २०११ साली हॉलंडने काटकसरीसाठी आपले उरलेसुरले सर्व रणगाडे मोडीत काढण्याचे ठरविले. पंतप्रधान मार्क रुटे होते. पुढे त्यांतील शंभर रणगाडे फिनलंडने विकत घेतले. फिनलंडची हद्द रशियाला लागून आहे, त्याला विसरून चालणारे नव्हते. २०१६ पासून डच शिपाई जर्मन सैन्याच्या पलटणीत बसून जर्मनीचे रणगाडे चालवू लागले. २०२४ मध्ये स्वतःचे रणगाडे पुन्हा घेण्याचा निर्णय झाला. तेच रुटे आज नाटोचे सरचिटणीस आहेत. जून २०२५ मध्ये हेगच्या परिषदेत २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्के खर्च संरक्षणावर करण्याचे ठरले, त्यातील साडेतीन टक्के प्रत्यक्ष सैन्यावर. चांगले झाले. त्याच परिषदेत त्यांनी अमेरिकेच्या अध्यक्षांविषयी बोलताना 'डॅडी' हा शब्द वापरला. साठीकडे झुकलेल्या गृहस्थाने असे बोलावे आणि दुसऱ्या दिवशी स्वावलंबनावर व्याख्यान द्यावे, ह्याला आमच्या कोकणात वेगळे शब्द आहेत. संपादक ते छापणार नाहीत.

आणि ज्या वायूच्या जोरावर हॉलंडने १९७३ साली पॅरिसला नमविले, तो वायू आज कोठे आहे? जमिनीत. वायू उपसून उपसून ग्रोनिंगेनची जमीन खचू लागली, १६ ऑगस्ट २०१२ ला हौझिंग गावी ३.६ तीव्रतेचा भूकंप झाला, हजारो घरांच्या भिंती तडकल्या. लोकांनी वर्षानुवर्षे दाद मागितली. वायूचा पैसा सरकार व कंपन्यांच्या तिजोरीत गेला आणि तडे त्यांच्या भिंतींत राहिले, असा निष्कर्ष संसदेच्या चौकशीतूनही निघाला. १ ऑक्टोबर २०२३ ला उपसा थांबला, २०२४ मध्ये कायद्याने विहिरी कायमच्या बंद झाल्या. तो निर्णय न्यायाचाच होता. परंतु मधल्या काळात, मे २०२२ अखेर, रुबलमध्ये पैसे देण्यास नकार दिला म्हणून रशियाने डच कंपनीचा वायू तोडला, आणि त्याच वर्षी एम्सहाव्हन बंदरात द्रवरूप वायू उतरविण्याची तरंगती सोय घाईघाईने उभी करावी लागली. येणाऱ्या ह्या वायूतील मोठा भाग अमेरिकेचा. रशियाच्या दारातून उठून अमेरिकेच्या दारात बसणे ह्यास स्वावलंबन म्हणत नाहीत. येथेही एकट्या हॉलंडने काय केले असते? ग्रोनिंगेनच्या शेतकऱ्याच्या घराची किंमत जर्मनी, फ्रान्स सर्वांनी वायूच्या बिलात आधीच मोजली असती, तर गोष्ट वेगळी झाली असती. स्वस्त वायू सर्वांनी जाळला, तडे एका प्रांताला गेले.

भाच्याच्या गावाकडे येतो. आइंडहोव्हन म्हणजे फिलिप्सचे गाव, ज्याचे बल्ब आणि रेडिओ आपल्या चाळींतूनही होते. ह्या फिलिप्सच्या पोटी दोन मुले झाली असे समजा. एक शेजारच्या वेल्डहोव्हनची एएसएमएल. अत्यंत सूक्ष्म चिप छापण्याची जी यंत्रे लागतात ती जगात फक्त हीच कंपनी बनविते. युरोपचे स्वावलंबन म्हणून पुढारी हिचेच नाव घेतात. पण त्या यंत्राच्या प्रकाशाची विद्या अमेरिकेतील सॅन डिएगोची, आरसे जर्मनीच्या त्साइसचे, लेझर जर्मनीच्या ट्रुम्फचे. म्हणूनच ही यंत्रे चीनला द्यावयाची की नाहीत ह्यात वॉशिंग्टनचा शब्द चालतो. जगातील सर्वांत अवघड यंत्रसुद्धा एका देशाचे नाही, हे ज्यांनी समजून घ्यावे तेच तिच्याकडे बोट दाखवून 'आमचे आम्ही' म्हणतात.

दुसरे मूल नाइमेखेनची नेक्स्पेरिया. हिच्या चिपा अगदी साध्या, पैशापैशाच्या, परंतु मोटारगाडीत त्या शेकड्यांनी लागतात. फायदा कमी म्हणून हा धंदा २०१७ साली चिनी खरेदीदारांना विकला गेला आणि पुढे विंगटेक ह्या चिनी कंपनीच्या हाती आला. विकताना कोणी हूं की चूं केले नाही. ३० सप्टेंबर २०२५ ला डच सरकार एकाएकी जागे झाले आणि १९५२ सालचा एक धुळीत पडलेला कायदा काढून त्याने कंपनीच्या निर्णयांवर ताबा बसविला. चार दिवसांत चीनने आपल्या डोंगग्वान येथील कारखान्यातून होणारी निर्यात रोखली. गंमत पाहा. चिपेची चकती युरोपात, हांबुर्गला तयार होते, परंतु बहुतेक माल कापून, आवरण घालून विक्रीस तयार होतो तो चीनमध्ये. जर्मनीच्या मोटार कारखान्यांत हाहाकार उडाला. १९ नोव्हेंबरला डच मंत्री व्हिन्सेंट कारेमान्स यांनी आपला हुकूम स्थगित केला. पन्नास दिवसांत माघार! हुकूम योग्य की अयोग्य ह्याचा वाद बाजूला ठेवला तरी, चीनने उलट मार दिला तर तो सर्वांनी मिळून कसा सोसावयाचा, ह्याची तयारी कोठे होती? बाहेरच्यांच्या अशा दडपणाविरुद्ध एकत्र उत्तर देण्याचा कायदा युरोपीय संघाने केलेला आहे, तो डिसेंबर २०२३ पासून लागूही आहे. त्या पन्नास दिवसांत तो कपाटातच राहिला. आडगावातला तेलीसुद्धा घाणा विकत घेताना बैल कोणाचा हे विचारतो.

तरीही मी निराश होऊन लिहीत नाही. जानेवारी २०२६ मध्ये एक गोष्ट घडली. ग्रीनलंड अमेरिकेला हवे म्हणून अध्यक्ष ट्रम्प यांनी आठ देशांच्या मालावर दहा टक्के जकात बसविण्याची धमकी दिली. डेन्मार्कच्या मदतीस ह्या देशांनी ग्रीनलंडला थोडे शिपाई व अधिकारी पाठविले होते, हा त्यांचा अपराध. त्या आठांत हॉलंडही होते. म्हणजे पुन्हा तेच, निवडक घरांची यादी. परंतु ह्या वेळी दुसऱ्याच दिवशी आठही देशांनी एकत्र निवेदन काढले, त्यात संघाबाहेरचे ब्रिटन व नॉर्वेही होते, आणि कोणी आपले नाव यादीतून काढून घेण्यास धावला नाही. आठवड्याच्या आत धमकी मागे घेतली गेली. त्याला बाजार कोसळल्याचे व इतर वाटाघाटींचेही कारण असेल, एकट्या निवेदनाला मी श्रेय देत नाही. पण १९७३ चा नोव्हेंबर आणि २०२६ चा जानेवारी शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

भाच्याला मी हे सर्व फोनवर सांगू लागलो तेव्हा त्याने मध्येच विचारले, "मामा, मग आम्ही इथे नेमके काय मागायचे?" मी म्हटले, तुम्ही तेथे कर भरता, मागावयाचा हक्क तुमचा आहे. वायूचा साठा, औषधे, चिपा, तोफगोळे, जे जे अडते त्याची वाटणी संकटाआधी लिहून ठेवा, तेलाच्या साठ्याबद्दल १९७४ साली आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था काढून थोडेफार केले तसे. त्याही वेळी फ्रान्स बाहेर राहिला, आणि आत यावयास त्याला १९९२ साल उजाडले. आणि पुढच्या खेपेस हेगमधील एखादा मंत्री रोमला किंवा लिस्बनला गंगाजळीचा हिशेब विचारू लागला, तर त्याला म्हणावे, साहेब, १८ नोव्हेंबर १९७३ चे वर्तमानपत्र आधी काढा. "ते डचमध्ये असेल, मामा," तो म्हणाला, "मलाच आधी वाचावे लागेल." एवढ्यात मेणबत्त्या लावण्याची वेळ झाली म्हणून मी फोन ठेवला.